इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन देणं आणि क्षपण म्हणजे घेणं, हे शाळेपासून पाठ असतं. मग पुढच्या अभ्यासक्रमात अचानक आउटर स्फिअर, इनर स्फिअर, प्रोटॉनसह स्थलांतर, हायड्राइड स्थलांतर अशी नावं का येतात? इलेक्ट्रॉन तर सगळीकडे सारखाच. आणि समोर एखादी अभिक्रिया आली, तर ती यांपैकी कुठल्या प्रकारची हे ओळखायचं कसं?

इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखाच, हे अगदी खरं आहे आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. क्लोरीनच्या अणूवर खूण करता येते, किरणोत्सारी समस्थानिक वापरला की झालं. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालता येतो, ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८. इलेक्ट्रॉनवर मात्र कुठलीही खूण करता येत नाही. तो या रेणूतून निघाला आणि त्या रेणूत पोचला, हे थेट पाहायची सोय नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ इलेक्ट्रॉनच्या आजूबाजूला जे घडतं त्यावर नजर ठेवतात. देणारा आणि घेणारा त्या क्षणी एकमेकांना बांधलेले होते का? इलेक्ट्रॉनबरोबर आणखी कोणता अणू किंवा प्रोटॉन गेला का? अंतर किती होतं? प्रकारांची सगळी नावं या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून आली आहेत.

समतोल केलेलं समीकरण यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते फक्त सुरुवात आणि शेवट सांगतं. विभवांतरसुद्धा वेगाबद्दल काही सांगत नाही, आणि याचा पुरावा प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन आठवा. परमँगनेटचं प्रमाण विभव आम्लात +१.५१ व्होल्ट, ऑक्झॅलिक आम्लाचं साधारण -०.४९ व्होल्ट. म्हणजे दोन व्होल्टचा फरक, अभिक्रिया झालीच पाहिजे अशी परिस्थिती. तरीही द्रावण गरम करावं लागतं, आणि ब्युरेटमधून पडलेल्या पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग फ्लास्कमध्ये बराच वेळ रेंगाळतो. तो गेला की पुढचे थेंब मात्र पडता पडता नाहीसे होतात. पहिल्या थेंबाच्या वेळी आणि दहाव्या थेंबाच्या वेळी विभवांतर जवळपास तेवढंच आहे, एकूण समीकरणही तेच. बदलला तो मार्ग. तो कसा बदलला, हे इनर स्फिअरच्या ओघात सांगतो.

आधी सर्वांत साधा प्रकार घेऊ, म्हणजे आउटर स्फिअर. इथे देणारा आणि घेणारा एकमेकांजवळ येतात, पण त्यांच्यात कोणताही नवा बंध तयार होत नाही. दोघांचे लिगंड, म्हणजे धातूला बांधलेले भोवतालचे रेणू किंवा आयन, जागच्या जागी राहतात आणि इलेक्ट्रॉन मधली जागा ओलांडून पलीकडे जातो. इतकी साधी गोष्ट असेल तर ती नेहमी झटपट व्हायला हवी, असं वाटतं. तसं होत नाही.

पाण्यातल्या फेरस (लोह +२) आणि फेरिक (लोह +३) आयनांचं उदाहरण घ्या. एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, तर शेवटी पुन्हा एक फेरस आणि एक फेरिकच उरतो. मुक्त ऊर्जेतला बदल शून्य. ही अभिक्रिया होते हेसुद्धा आपल्याला कळलं ते लोखंडाचा किरणोत्सारी समस्थानिक वापरून, म्हणजे खूण अणूवर होती. तिचा वेग स्थिरांक सामान्य तापमानाला फक्त ४ च्या आसपास भरतो, प्रति मोलर प्रति सेकंद. द्रावणात दोन रेणू एकमेकांना भेटण्याचा वेग याहून अब्जावधी पट मोठा असतो. म्हणजे बहुतेक भेटी वाया जातात.

कारण बंधांच्या लांबीत आहे. फेरस आयनाभोवतीचं पाणी लोखंडापासून सुमारे २.१३ अँग्स्ट्रॉमवर (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटींवा भाग) असतं, फेरिकभोवतीचं सुमारे २.०० वर. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकांच्या तुलनेत फार हलका आहे, त्याची उडी होते तेवढ्या वेळात अणू जागचे हलत नाहीत. आता समजा दोघे आपापल्या आरामाच्या स्थितीत असताना इलेक्ट्रॉनने उडी मारली. तर नवा फेरिक आयन लांब बंधांसह उरेल आणि नवा फेरस आखूड बंधांसह. दोघंही ताणलेल्या, जास्त ऊर्जेच्या अवस्थेत. ही ऊर्जा आली कुठून? अंधारात, प्रकाश न टाकता होणाऱ्या अभिक्रियेत ती कुठूनच येऊ शकत नाही. त्यामुळे क्रम उलटा असावा लागतो. आधी फेरसचे बंध थोडे आकसायला हवेत, फेरिकचे थोडे लांबायला हवेत, भोवतीच्या पाण्याच्या रेणूंनीही मधली अवस्था घ्यायला हवी. दोन्ही बाजूंची ऊर्जा जुळली की इलेक्ट्रॉन इकडे असला काय आणि तिकडे असला काय, फरक उरत नाही. मगच तो जातो. वेळ लागतो तो या तयारीला.

विलर्ड लिबी यांनी १९५२ मध्ये ही दिशा दाखवली आणि रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून तिचं गणित उभं केलं. त्यासाठी त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं. त्यांच्या सिद्धांतातली मध्यवर्ती राशी म्हणजे पुनर्रचना ऊर्जा, तिला लॅम्डा म्हणतात. इलेक्ट्रॉन न हलवता सगळे अणू आणि द्रावकाचे रेणू अंतिम अवस्थेच्या जागी नेऊन ठेवायला लागेल ती ऊर्जा म्हणजे लॅम्डा. तिचे दोन भाग पडतात: रेणूच्या आतल्या बंधांचा आणि बाहेरच्या द्रावकाचा. सक्रियण ऊर्जा मग एका छोट्या सूत्रातून निघते: लॅम्डा आणि मुक्त ऊर्जेतला बदल यांची बेरीज करा, तिचा वर्ग करा, चार लॅम्डाने भागा. फेरस-फेरिकसारख्या अदलाबदलीत मुक्त ऊर्जेचा बदल शून्य असतो, म्हणून अडथळा उरतो लॅम्डाच्या बरोबर एक चतुर्थांश.

या एका कल्पनेतून किती गोष्टी सुटतात, हे पाहण्यासाठी दोन धातूंची तुलना पुरेशी आहे. दोघांभोवतीही सहा अमोनिया, दोघंही +२ आणि +३ मध्ये अदलाबदल करतात. रुथेनियमच्या बाबतीत वेग स्थिरांक काही हजारांत आहे, कोबाल्टच्या बाबतीत तो दहा लाखांशांच्या घरात. म्हणजे अब्जाच्या आसपासचा फरक, आणि कागदावर दोन्ही समीकरणं सारखीच दिसतात. रुथेनियममध्ये इलेक्ट्रॉन ज्या कक्षकात येतो तो लिगंडांच्या मधल्या दिशांना असतो, त्यामुळे बंधाची लांबी जेमतेम ०.०४ अँग्स्ट्रॉमने बदलते. कोबाल्ट(३) चा कोबाल्ट(२) होताना मात्र इलेक्ट्रॉन थेट लिगंडांकडे रोखलेल्या प्रतिबंधी (बंध सैल करणाऱ्या) कक्षकात बसतात आणि बंध जवळपास ०.२ अँग्स्ट्रॉमने लांबतात. ०.२ अँग्स्ट्रॉम ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बारा बंधांना ते एकाच वेळी साधायचं आहे. कोबाल्टमध्ये स्पिनही (जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन किती, हे) बदलतो आणि बराच काळ सगळा दोष स्पिनलाच दिला जायचा. माझ्या मते विद्यार्थ्यांनी आधी बंधांच्या लांबीकडे पाहावं, बहुतांश स्पष्टीकरण तिथेच मिळतं.

मार्कस यांच्या सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मुक्त ऊर्जेची घट वाढत गेली की वेग वाढतो, घट लॅम्डाइतकी झाली की अडथळा शून्य होतो, आणि त्यापुढे गेलं की अडथळा पुन्हा वाढू लागतो. म्हणजे अभिक्रिया ऊर्जेच्या दृष्टीने अधिक अनुकूल केली तर ती मंदावते. याला उलटा प्रदेश म्हणतात. बरीच वर्षं तो प्रयोगात सापडत नव्हता, कारण द्रावणात दोन रेणूंना भेटायलाच जो वेळ लागतो त्याखाली खरा वेग झाकला जायचा. १९८४ मध्ये मिलर, कॅल्कटेरा आणि क्लॉस यांनी देणारा आणि घेणारा एकाच रेणूत, ताठ स्टिरॉइड सांगाड्याच्या दोन टोकांना बसवले. भेटण्याचा प्रश्नच मिटला, आणि वक्र वर जाऊन खाली वळलेला स्पष्ट दिसला.

आता इनर स्फिअर. इथे इलेक्ट्रॉन जाण्याआधी देणारा आणि घेणारा एका सामाईक लिगंडाने जोडले जातात. तो लिगंड सेतूचं काम करतो. हे सिद्ध करणारा हेन्री टाउबे यांचा १९५३ चा शिकागोतला प्रयोग मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत स्वच्छ प्रयोगांपैकी एक वाटतो, म्हणून तो जरा निवांत पाहू.

एका बाजूला कोबाल्ट(३): भोवती पाच अमोनिया आणि एक क्लोराइड. दुसऱ्या बाजूला आम्लातला क्रोमियम(२), भोवती फक्त पाणी. दोन्ही द्रावणं हवेपासून दूर ठेवून मिसळली की अभिक्रिया झटक्यात होते. कोबाल्ट(२) मिळतो, अमोनिया आम्लात अमोनियम होऊन सुटतात, आणि क्रोमियम(३) मिळतो. पाहण्यासारखी गोष्ट ही की त्या क्रोमियम(३) वर क्लोराइड बसलेला असतो.

धातूंची निवड योगायोगाने केलेली नव्हती. कोबाल्ट(३) आपले लिगंड सहजी सोडत नाही. क्रोमियम(२) क्षणोक्षणी पाणी बदलत असतो. अभिक्रियेनंतर भूमिका उलटतात: कोबाल्ट(२) लिगंड पटापट सोडतो, आणि क्रोमियम(३) इतका हट्टी होतो की त्याच्या भोवतालच्या एका पाण्याच्या रेणूची अदलाबदल व्हायला साधारण तीन दिवस लागतात. तर मग क्रोमियम(३) वर क्लोराइड आला कधी? क्रोमियम(३) झाल्यावर येणं शक्य नाही, कारण अभिक्रिया काही क्षणांत संपली होती. म्हणजे क्रोमियम अजून (२) असतानाच तो येऊन बसला. आणि कोबाल्टने तो इलेक्ट्रॉन मिळण्याआधी सोडणंही शक्य नाही. दोन्ही विधानं एकत्र ठेवली की एकच चित्र उरतं: इलेक्ट्रॉन गेला त्या क्षणी क्लोराइड दोन्ही धातूंना एकाच वेळी बांधलेला होता. शंका राहू नये म्हणून द्रावणात किरणोत्सारी क्लोराइड मोकळा टाकून पाहिला, तर क्रोमियमवरच्या क्लोराइडमध्ये तो जवळजवळ आढळलाच नाही. क्लोराइड कोबाल्टवरचाच होता. टाउबे यांना १९८३ चं नोबेल मिळालं ते अशा कामासाठी.

सेतूमुळे किती फरक पडतो? क्लोराइड असलेल्या या कोबाल्टशी क्रोमियम(२) चा वेग स्थिरांक सुमारे ६ लाख आहे. क्लोराइडच्या जागी सहावा अमोनिया असेल तर तो दहा हजारांशाच्या आसपास उतरतो. अमोनियाची एकुलती मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी आधीच कोबाल्टला दिलेली असते, दुसऱ्या धातूला धरायला काही उरतच नाही. त्यामुळे तिथे आउटर स्फिअर हा एकच मार्ग राहतो. फरक काही अब्ज पटींचा.

यावरून अनेकजण नियम बांधतात की इनर स्फिअर जलद आणि आउटर स्फिअर मंद. हा नियम चुकीचा आहे. तीन बायपिरिडीन (दोन नायट्रोजनांनी धातूला धरणारा मोठा लिगंड) असलेल्या रुथेनियमची अदलाबदल पूर्णपणे आउटर स्फिअर आहे आणि तिचा वेग स्थिरांक कोट्यवधींत जातो, कारण लिगंड मोठे असल्याने द्रावकाची पुनर्रचना थोडी लागते आणि बंध तर जवळपास बदलतच नाहीत. उलट व्हॅनेडियम(२) च्या कित्येक इनर स्फिअर अभिक्रिया संथ असतात, कारण सेतू बसण्यासाठी आधी एका पाण्याने जागा सोडावी लागते आणि व्हॅनेडियम(२) ते काम सेकंदाला शंभरेक वेळाच करतो. तिथे वेग ठरतो तो जागा रिकामी होण्याने, इलेक्ट्रॉनने नव्हे.

आता परमँगनेटकडे वळू. सुरुवातीला फ्लास्कमध्ये फक्त परमँगनेट आणि ऑक्झॅलेट असतात आणि त्यांचा थेट मार्ग अवघड आहे. थोडा मँगनीज(२) तयार झाला की तो येणाऱ्या परमँगनेटशी अभिक्रिया करून मधले ऑक्सिडीकरण अंक, विशेषतः मँगनीज(३), निर्माण करतो. मँगनीज(३) ऑक्झॅलेटला घट्ट धरतो, आणि बांधलेल्या ऑक्झॅलेटमधून इलेक्ट्रॉन बंधातूनच धातूकडे येतो. ऑक्झॅलेट फुटून कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे दहाव्या थेंबाला इनर स्फिअरचा रस्ता खुला झालेला असतो, पहिल्या थेंबाला तो नव्हता. पटत नसेल तर टायट्रेशन सुरू करण्यापूर्वी फ्लास्कमध्ये मँगनीज सल्फेटचा एक कण टाकून पाहा. पहिला थेंब रेंगाळणार नाही.

ओळखण्याच्या दृष्टीने एक सावधगिरी. सेतू झालेला लिगंड दुसऱ्या धातूवर गेलेला दिसला तर इनर स्फिअर सिद्ध होतं. पण तो गेला नाही म्हणून आउटर स्फिअर सिद्ध होत नाही. जोडी फुटताना लिगंड कुठे राहील हे कोणता बंध आधी तुटतो यावर अवलंबून असतं, आणि तो मूळ जागीही राहू शकतो. कधी तर जोडी फुटतच नाही. फेरिसायनाइड आणि पाच सायनाइडवाला कोबाल्ट(२) यांच्या अभिक्रियेत सायनाइडने जोडलेलं दुहेरी संयुगच उत्पादन म्हणून मिळतं.

अशा वेळी मला सर्वांत उपयोगी वाटणारी कसोटी म्हणजे अझाइड आणि थायोसायनेट यांची तुलना. पाच अमोनियावाल्या कोबाल्ट(३) वर एकदा अझाइड ठेवायचा, एकदा नायट्रोजनने बांधलेला थायोसायनेट. क्रोमियम(२) बरोबर अझाइडचा वेग स्थिरांक सुमारे ३ लाख, थायोसायनेटचा सुमारे १९. कारण अझाइडचं मोकळं टोक नायट्रोजनचं आहे, ते क्रोमियमला आवडतं, थायोसायनेटचं मोकळं टोक गंधकाचं, ते आवडत नाही. सेतू बांधायचा असेल तरच मोकळ्या टोकाला महत्त्व येतं. क्रोमियमला तीन बायपिरिडीनने वेढून टाकलं, की तो सेतू बांधूच शकत नाही, आणि मग दोघांतला फरक अवघा चौपट उरतो. म्हणून तुमच्या क्षपणकाला हे दोन कोबाल्ट देऊन पाहा: हजारो पटींचा फरक आला तर इनर स्फिअर, थोडका आला तर बहुधा आउटर स्फिअर. याहून सोपी एक तपासणी आधीच करून घ्यावी. इलेक्ट्रॉन-स्थलांतराचा वेग दोन्ही धातूंच्या लिगंड-बदलाच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर इनर स्फिअरला वेळच मिळालेला नाही.

देणारा आणि घेणारा कायमचेच सेतूने जोडलेले असतील तर मिश्र-संयुजा संयुगं, म्हणजे धातू दोन वेगळ्या ऑक्सिडीकरण अंकांत असलेली संयुगं, मिळतात. प्रशियन ब्लूचा गडद निळा रंग तिथून येतो: सायनाइडच्या कार्बन टोकाला लोह(२), नायट्रोजन टोकाला लोह(३), आणि लाल प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो. इथे प्रकाश ऊर्जा पुरवतो, त्यामुळे अणूंनी आधी जागा बदलण्याची अट लागू होत नाही. रॉबिन आणि डे यांनी १९६७ मध्ये अशा संयुगांचे तीन वर्ग केले: इलेक्ट्रॉन एका जागी अडकलेला, थोडा सैल, आणि दोन्ही धातूंमध्ये पूर्ण वाटलेला. १९६९ मध्ये कॅरोल क्रॉइट्झ आणि टाउबे यांनी पायराझिनने जोडलेल्या दोन रुथेनियमचा आयन तयार केला. तो दुसऱ्या वर्गातला की तिसऱ्या, यावर अनेक वर्षं वाद चालला.

आतापर्यंत इलेक्ट्रॉन एकटा जात होता. सजीवांमध्ये आणि पाण्यात होणाऱ्या बहुतेक महत्त्वाच्या अभिक्रियांमध्ये तो एकटा जात नाही, त्याच्यासोबत प्रोटॉनही हलतो. कारण सरळ आहे. रेणूमधून एकामागून एक इलेक्ट्रॉन काढले तर धनप्रभार साचत जातो आणि पुढचा इलेक्ट्रॉन काढणं महाग होतं. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक प्रोटॉनही सोडला तर प्रभार वाढत नाही. आता हे तीन तऱ्हांनी होऊ शकतं: आधी इलेक्ट्रॉन मग प्रोटॉन, आधी प्रोटॉन मग इलेक्ट्रॉन, किंवा दोन्ही एकाच टप्प्यात. पहिल्या दोन मार्गांत मधली अवस्था प्रभारित आणि बऱ्याचदा फार महाग असते. तिसरा मार्ग ती टाळतो, पण दोन कण एकदम हलवण्याची किंमत मोजतो.

एकाच टप्प्यात झालं की दोन, हे ओळखायला पुन्हा खूणच कामी येते. साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरायचं. १९८१ मध्ये थॉमस मेयर यांच्या गटाने रुथेनियमच्या ऑक्सो (धातूवर नुसता ऑक्सिजन असलेल्या) आणि पाणी-बद्ध रूपांमधली अभिक्रिया अशी तपासली, तेव्हा जड पाण्यात वेग सुमारे १६ पटींनी घसरला. इलेक्ट्रॉन एकटाच जात असता तर हायड्रोजनच्या वस्तुमानाने एवढा फरक पडायचं काही कारण नव्हतं. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या फोटोसिस्टिम-२ मध्ये टायरोसिनचा एक अवशेष हेच करतो: इलेक्ट्रॉन क्लोरोफिलच्या दिशेने जातो आणि प्रोटॉन शेजारच्या हिस्टिडिनकडे. दोघांच्या दिशा वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकाच रेणूकडे, एकाच बंधातून गेले तर आपण त्याला हायड्रोजन अणूचं स्थलांतर म्हणतो. प्रोटॉनसह होणारं इलेक्ट्रॉन-स्थलांतर ही त्याहून व्यापक गोष्ट आहे.

एका प्रोटॉनबरोबर दोन इलेक्ट्रॉन गेले की हायड्राइड स्थलांतर होतं. पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एनएडीएच हा रेणू पेशींतलं सर्वांत ओळखीचं उदाहरण. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टहायमर आणि व्हेनेसलँड यांच्या चमूने ड्युटेरियम घातलेला अल्कोहोल वापरला आणि दाखवलं की एन्झाइम तो ड्युटेरियम पाण्यात न सोडता थेट एनएडी वर (एनएडीएचच्या हायड्राइड नसलेल्या रूपावर) नेऊन ठेवतं. टाउबे यांच्या क्लोराइडसारखाच हा तर्क आहे आणि काळही जवळपास तोच.

दोन इलेक्ट्रॉन एकदम नेण्याचा दुसरा मार्ग म्हणजे अख्खा अणू नेणं. क्लोरेटने सल्फाइटचं सल्फेट होतं. समीकरणात आपण इलेक्ट्रॉन मोजतो, पण टाउबे यांच्याच गटाने १९५२ मध्ये ऑक्सिजन-१८ वापरून पाहिलं तर क्लोरेटमधला ऑक्सिजन मोठ्या प्रमाणात सल्फेटमध्ये पोचलेला होता. ऑक्सिजन अणूची हस्तांतरणं आणि इलेक्ट्रॉनची हस्तांतरणं हे दोन वेगळे कप्पे आहेत, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं. ऑक्सिजन अणू सहा संयुजा इलेक्ट्रॉन घेऊन आला आणि भोवती आठ मोजले गेले, की हिशोबात दोन इलेक्ट्रॉन उलट दिशेने गेलेच.

अंतराचा प्रश्न राहिला. प्रथिनांमध्ये धातूची केंद्रं एकमेकांपासून दूर, अमिनो आम्लांच्या गराड्यात असतात. तिथे ना सेतू, ना थेट स्पर्श. १९६६ मध्ये डीव्हॉल्ट आणि चान्स यांनी एका प्रकाशसंश्लेषी जिवाणूतल्या सायटोक्रोमचं ऑक्सिडीकरण लेझरच्या स्पंदाने सुरू करून मोजलं. तापमान उतरवत नेलं तसा वेग घटत गेला, पण साधारण १०० केल्विनच्या खाली तो घटायचा थांबला आणि स्थिर राहिला. औष्णिक ऊर्जेवर चालणारी अभिक्रिया अशी वागत नाही. इलेक्ट्रॉन अडथळ्यावरून न जाता त्यातून आरपार जात होता, म्हणजे टनेलिंग. हा वेग अंतराबरोबर घातांकी घटतो. प्रथिनांत दर दोन अँग्स्ट्रॉमला साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच श्वसनसाखळीत एकामागे एक धातुकेंद्रांची रांग असते आणि शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर सहसा १४ अँग्स्ट्रॉमच्या आत राहतं. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड असल्याने त्याला एवढं अंतर टनेलिंगने कापता येत नाही. त्यामुळे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजसारख्या एन्झाइममध्ये, जिथे ऑक्सिडीकरणाचा परिणाम ३० अँग्स्ट्रॉमहून दूर पोचवायचा असतो, तिथे वाटेतल्या टायरोसिनवर थांबे घेतले जातात. प्रत्येक थांब्यावर प्रोटॉन जवळच्या जवळ हलतो आणि इलेक्ट्रॉन लांब उडी घेतो.

इलेक्ट्रोडवरही हेच प्रकार लागू होतात, आणि प्रयोगशाळेत सर्वांत जास्त गोंधळ मला इथे दिसतो. हायड्रोजन आयनाचं क्षपण प्लॅटिनमवर आणि पाऱ्यावर करून पाहिलं तर विनिमय प्रवाहात, म्हणजे समतोलात दोन्ही दिशांना सारख्या वाहणाऱ्या प्रवाहात, दहाच्या नऊ-दहा घातांचा फरक पडतो, कारण हायड्रोजन अणूला मध्ये पृष्ठभागावर बसावं लागतं आणि प्लॅटिनम त्याला योग्य ताकदीने धरतो. ही पृष्ठभागाशी बंध करून होणारी अभिक्रिया, म्हणजे इनर स्फिअरच. सहा अमोनियावाला रुथेनियम मात्र पृष्ठभागाला न चिकटता जवळून इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे कार्बनचा पृष्ठभाग कसा आहे याची त्याला फारशी फिकीर नसते. फेरी-फेरोसायनाइडची जोडी या कामासाठी सर्रास वापरली जाते आणि ती आदर्श आउटर स्फिअर असल्याचं गृहीत धरलं जातं. कार्बनवर तसं नाही. पृष्ठभाग कसा घासला, किती दिवस हवेत राहिला, द्रावणात पोटॅशियम आहे की दुसरा धन आयन, या सगळ्याने तिच्या व्होल्टामोग्राममधल्या (विभव बदलत प्रवाह मोजून काढलेल्या आलेखातल्या) शिखरांमधलं अंतर बदलतं. पाणी-बद्ध फेरस-फेरिक तर त्याहून हळवे, पृष्ठभागावरच्या कार्बोनिल गटांनुसार त्यांचा वेग कित्येक पटींनी बदलतो. म्हणून नवीन कार्बन इलेक्ट्रोड हाती आला की एकाच जोडीवर निष्कर्ष काढू नका. आधी हेक्साअमीनरुथेनियमचा (म्हणजे सहा अमोनियावाल्या रुथेनियमचा) व्होल्टामोग्राम घ्या, त्यावरून विद्युत-सक्रिय क्षेत्रफळ आणि जोडणीतला रोध नीट आहे का ते कळेल. मग त्याच इलेक्ट्रोडवर फेरोसायनाइड आणि फेरस-फेरिक चालवा. पहिला ठीक आला आणि नंतरचे बिघडले, तर दोष पृष्ठभागाच्या रसायनात आहे. तिन्ही बिघडले, तर आधी जोडणी आणि संदर्भ इलेक्ट्रोड तपासा.